आभाळाला कुंपण नसते

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हरभरा घाट्यावर आला की वऱ्हाडातला शेतकरी रात्री जागलीला जातो. हातात बॅटरी, जवळ वाजवायला पत्र्याचा डबा आणि शेकोटीपुरत्या पऱ्हाट्या एवढेच त्याचे साहित्य असते. पूर्वेच्या धुऱ्यावरून रानडुकरांचा कळप आला म्हणून तो तिकडे धावतो, आणि तेवढ्या वेळात पश्चिमेकडून रोही वावरात शिरतात. कोणी झटका मशीन बसवतो, कोणी तारेचे कुंपण घालतो. परंतु सगळ्या वावराला पक्के कुंपण घालायचे म्हटले तर त्याचा खर्च पिकाच्या मोलापलीकडे जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याकडून काय राखले जाईल आणि काय राखले जाणार नाही, याचा हिशेब त्याच्या मनाशी पक्का असतो.

देशाच्या आभाळाची राखणदारी हा प्रश्न याच जातीचा आहे. मात्र त्याविषयी बोलताना हा साधा हिशेब कोणी मांडत नाही. आभाळ बंद झाले आहे, किंवा लवकरच बंद होईल, असे सांगितले जाते आणि लोकही ते ऐकून स्वस्थ होतात. ड्रोन नावाच्या स्वस्त यंत्राने गेल्या काही वर्षांत ही स्वस्थता निराधार ठरवली आहे. म्हणून हा विषय सेनाधिकाऱ्यांवर सोपवून मोकळे होण्याजोगा उरलेला नाही.

वऱ्हाडाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. सरहद्द इथून शेकडो किलोमीटर दूर, समुद्रही दूर. परंतु नेमक्या याच दूरपणामुळे मध्य भारताचा हा पट्टा दारूगोळ्यासाठी निवडला गेला. धामणगाव ओलांडून वर्धा नदीपलीकडे गेले की पुलगावचे लष्करी दारूगोळा भांडार लागते, आणि त्याची गणना देशातील सर्वांत मोठ्या भांडारांत होते. पुढे नागपूरजवळ अंबाझरी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर आणि भद्रावतीजवळ चांदा येथे आयुध निर्माण्या आहेत. खुद्द अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत भारत डायनॅमिक्स लिमिटेड या केंद्र सरकारच्या कंपनीने अतिअल्प पल्ल्याच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या कारखान्यासाठी शेकडो एकर जमीन घेतली, त्याला दशकाहून अधिक काळ लोटला आहे. हवाई संरक्षणाच्या अगदी शेवटच्या फळीचे हत्यार ज्या मातीत घडवायचे ठरले आहे, त्या मातीतल्या माणसांनी त्या हत्याराची मर्यादा समजून घेऊ नये, हे विचित्र होईल.

प्रथम पैशाचा हिशेब पाहावा. इराणी बनावटीचा शाहेद-१३६ हा ड्रोन रशियाने सप्टेंबर २०२२ पासून युक्रेनवर वापरायला सुरुवात केली. वजन सुमारे २०० किलो, त्यात स्फोटक सुमारे ५० किलो, वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जुन्या काळच्या एखाद्या लहान विमानाहूनही तो संथ आहे. त्याच्या किमतीचे अंदाज वीस ते पन्नास हजार डॉलरचे, म्हणजे साधारण अठरा ते पंचेचाळीस लाख रुपयांचे आहेत. तो पाडण्यासाठी अमेरिकन पॅट्रियट प्रणालीतले अद्ययावत क्षेपणास्त्र सोडले तर एका क्षेपणास्त्राला सुमारे चाळीस लाख डॉलर, म्हणजे पस्तीस कोटी रुपयांच्या घरात खर्च येतो. ड्रोन पडला तरी हल्लेखोराचे काही लाख जातात आणि बचाव करणाऱ्याचे कोट्यवधी. ड्रोन न पडला तर बचाव करणाऱ्याचे वीजकेंद्रही जाते. हल्लेखोराला दहांपैकी नऊ ड्रोन गमावणे परवडते. बचाव करणाऱ्याला दहावा सुटू देणे परवडत नाही.

सौदी अरेबियाला हा धडा १४ सप्टेंबर २०१९ रोजी मिळाला. शस्त्रखरेदीवर जगात सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशांत त्याची गणना होते, पॅट्रियटही त्याच्यापाशी होते. तरीही त्या दिवशी ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांनी अबकैक व खुरैस येथील तेलप्रकल्प गाठले आणि देशाचे निम्मे तेल-उत्पादन काही काळ बंद पडले. भारतात २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने दोन लहान स्फोटके टाकली. नुकसान थोडे झाले, परंतु देशातील लष्करी तळावर ड्रोनने झालेला तो पहिला हल्ला होता. त्याला विमान लागले नाही, धावपट्टीही लागली नाही.

दुसरी मर्यादा दृष्टीची. रडारचे किरण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दहा मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला पन्नास मीटर उंचीवरून येणारा ड्रोन सपाट मुलखातही चाळीस-बेचाळीस किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसू शकतो. ताशी १८० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा मिनिटांत सरते. एवढ्या वेळात तो दिसायला हवा, पक्षी नाही हे ओळखू यायला हवे, आपलाच नाही याची खात्री व्हायला हवी, आदेश मिळायला हवा आणि नेम लागायला हवा. हे झाले सपाट मुलखाचे. पूर्णेच्या खोऱ्याला उत्तरेकडे गाविलगडच्या आणि दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरांची भिंत आहे. डोंगराआड दरीतून येणारी वस्तू दिसण्यासाठी रडार डोंगरमाथ्यावर हवे किंवा आकाशात फिरते हवे, आणि तेही अष्टौप्रहर. हातात धरता येईल एवढ्या लहान ड्रोनची तर गोष्टच वेगळी. रडारच्या पडद्यावर तो आणि घार सारखीच दिसतात.

तिसरी मर्यादा संख्येची. कोणत्याही यंत्रणेत एका वेळी सज्ज असलेली क्षेपणास्त्रे मोजकीच असतात. म्हणून हल्लेखोर पुढे स्वस्त, पोकळ, फोमचे नकली ड्रोन पाठवतो आणि मागून खरे पाठवतो. दोहोंचा भेद करीपर्यंत राखणदाराचा साठा संपत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे वीस रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, तेव्हा त्यांतल्या काहींना पाडण्यासाठी जगातील अत्यंत महागडी लढाऊ विमाने उडवावी लागली. ड्रोनची दूरनियंत्रणाची लहर अडवण्याचा उपाय स्वस्त आहे, परंतु २०२४ पासून युक्रेनच्या रणांगणावर बारीक काचतंतूची रीळ सोडत जाणारे ड्रोन आले. दोऱ्याला बांधलेल्या पतंगासारखी त्यांची सूत्रे तंतूतून जातात. लहरच नाही, तर ती अडवणार कशी? तेथे आता रस्त्यांवर मासेमारीची जाळी टांगलेली दिसतात. लेसर किरणांचा उपाय आशादायक आहे. भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूल येथे ३० किलोवॉटच्या लेसरने ड्रोन निकामी करून दाखवले. त्याला दारूगोळा लागत नाही हे खरे, परंतु धूळ, धुके, ढग आणि पाऊस यांत किरण क्षीण होतो, आणि एका वेळी एकाच लक्ष्यावर तो रोखावा लागतो.

मे २०२५ मध्ये भारताच्या हवाई संरक्षणाने जे करून दाखवले ते या पार्श्वभूमीवर मोलाचे आहे, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे सेनेने जाहीर केले. त्यांतील बहुतेक निकामी झाले. या यशात आकाश क्षेपणास्त्राचा आणि सगळ्या रडारांची माहिती एकत्र जोडणाऱ्या आकाशतीर यंत्रणेचा वाटा होता. तसाच तो एल-७० आणि झेडयू-२३ या कित्येक दशके जुन्या, नव्याने डागडुजी केलेल्या तोफांचाही होता. तोफेचा गोळा स्वस्त असतो, म्हणून तो अनेकदा झाडता येतो. महाग ते प्रभावी असते ही समजूत त्या रात्री जुन्या तोफांनी खोटी ठरवली. नागपूरच्या सोलार उद्योगसमूहाने तयार केलेल्या आणि १३ मे २०२५ रोजी गोपाळपूर येथे चाचणी झालेल्या भार्गवास्त्र यंत्रणेमागचा विचारही असाच आहे. लहान अग्निबाणांचा स्वस्त मारा करून थवा अडवायचा, अशी तिची योजना आहे.

परंतु त्याच दिवसांतल्या आणखी दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. फिरोजपूर जिल्ह्यात एका घरी ड्रोन कोसळून लागलेल्या आगीत शेतकरी कुटुंब होरपळले आणि त्यातील स्त्री पुढे दगावली. पूंछमध्ये डझनाहून अधिक नागरिक मेले ते साध्या तोफमाऱ्याने, ज्याच्यापुढे कोणतीही विमानवेधी यंत्रणा कामाची नव्हती. शंभरांतले बहुतेक पडले हे सेनेच्या दृष्टीने यशच आहे. उरलेला ज्या छपरावर पडतो, तिथे मात्र टक्केवारीचा उपयोग नसतो.

आता दूरपणाविषयी. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ११७ लहान ड्रोन रशियाच्या पोटात शिरवले. ते सरहद्द ओलांडून उडत आले नव्हते. ट्रकांवर लाकडी खोल्या लादल्या होत्या, त्यांच्या छतांत ड्रोन दडवले होते, आणि विमानतळांजवळ पोहोचल्यावर ती छते दुरून उघडण्यात आली. त्यांतला एक तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून अधिक दूर होता. रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा जगात नाव घेण्याजोगी आहे, परंतु तिचे तोंड सरहद्दीकडे होते. मूर्तिजापूर-बडनेरा मार्गाने रोज किती ट्रक जातात हे इथल्या माणसाला सांगायला नको. जून २०२२ मध्ये अकोला-अमरावती दरम्यान पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून विक्रम नोंदवला गेला तो हाच महामार्ग. वऱ्हाड मध्यभागी आहे ही गोष्ट शंभर वर्षे संरक्षण मानली गेली. आता तिचा तेवढा भरवसा धरता येत नाही.

हे ऐकून प्रत्येक ट्रकचालकाकडे आणि प्रत्येक परक्या माणसाकडे संशयाने पाहायचे, असा अर्थ कोणी काढील तर तो मोठी चूक करील. भीतीचा बाजार मांडणारे नेहमी तेच करतात, आणि संशयाने ड्रोन पडत नाही, शेजार मात्र तुटतो. मे २०२५ मधील मथितार्थ एवढाच की राखण सगळीकडे सारखी होऊ शकत नाही. आणि ती सारखी होणार नसेल, तर कोणाची आधी व्हायची हा निर्णय राजकीय आहे. तो बंद दाराआड होता कामा नये.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ मोहीम जाहीर केली. २०३५ पर्यंत लष्करी ठिकाणांबरोबर रुग्णालये, रेल्वे आणि श्रद्धास्थानेही संरक्षणाखाली आणण्याचा तिचा संकल्प आहे. आठच दिवसांनी, २३ ऑगस्टला, ओडिशाच्या किनाऱ्यावर एकात्मिक यंत्रणेची पहिली चाचणी झाली. तीत अतिअल्प पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि लेसर दोन्ही होते. संकल्प मोठा आहे. परंतु तो सांगताना त्याची मर्यादाही सांगायला हवी होती, कारण देशातील प्रत्येक रुग्णालयाशेजारी क्षेपणास्त्र उभे करणे कोणत्याही अर्थसंकल्पाच्या आवाक्यातले नाही.

जनतेच्या तयारीची स्थिती काय आहे हे ७ मे २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवशी देशात नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली होती. महाराष्ट्रातली सोळा ठिकाणे निवडली होती. मुंबई, उरण, तारापूर, ठाणे, पुणे, नाशिक, मनमाड यांसह ही यादी पूर्वेकडे भुसावळपर्यंत आली आणि तेथेच संपली. पुढे अकोला नाही, अमरावती नाही, नागपूरही नाही. पारसचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, नांदगाव पेठचे १,३५० मेगावॉटचे केंद्र, अकोला आणि बडनेरा ही जंक्शने आणि पुलगावचे भांडार ज्या प्रदेशात किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहे, तेथल्या माणसाला भोंग्याचा कोणता आवाज कशासाठी, दिवे कधी घालवायचे, आसरा कोठे घ्यायचा हे कोणी शिकवलेले नाही. नागरी संरक्षणाचा कायदा देशात १९६८ पासून आहे. त्याखाली स्वयंसेवकांची दले उभारण्याची तरतूदही आहे. ती कागदावर राहण्याचे कारण, वऱ्हाड दूर आहे ही जुनी समजूत.

युक्रेनने या बाबतीत जगाला एक गोष्ट शिकवली. ऑक्टोबर २०२२ पासून तेथील वीजव्यवस्थेवर पद्धतशीर हल्ले होत आले. सगळे पाडणे अशक्य आहे हे ओळखून त्यांनी रोहित्रांभोवती दगडगोट्यांच्या जाळ्या आणि काँक्रीटच्या भिंती उभारल्या, सुटे भाग निरनिराळ्या जागी साठवले, रुग्णालयांना जनित्रे दिली आणि लोकांसाठी ऊब, वीज व संपर्क मिळण्याची केंद्रे उघडली. संरक्षणाचा हा अर्धा भाग क्षेपणास्त्रांपेक्षा किती तरी स्वस्त आहे. तो शांततेच्या काळातही वाया जात नाही. पावसाळ्यात फीडर बंद पडून दोन-दोन दिवस अंधारात काढणाऱ्या मेळघाटातल्या गावाला आणि तिथल्या आरोग्य केंद्राला जनित्र हवेच आहे. ते ड्रोनच्या भीतीने का होईना मिळाले, तर कोणाचे काही बिघडणार नाही.

संरक्षणाचा दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे ते घडवणारा कामगार. पुलगावच्या भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मिळून सोळाहून अधिक जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात सोनेगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण मेले, त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारी मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत किमान आठ जण गेले. या मृत्यूंना शत्रूचा एकही ड्रोन कारण नव्हता. सरकी काढल्यावर तिला चिकटून राहणारा आखूड तंतू नायट्रिक आम्लात मुरवून तोफगोळ्याची दारू बनते, म्हणजे वऱ्हाडच्या कापसाचाही या धंद्याशी जुना संबंध आहे. ड्रोनच्या धास्तीने दारूगोळ्याची मागणी वाढत जाईल तसतसा या कारखान्यांतला वेग वाढेल. वेगाबरोबर सुरक्षा वाढणार की कंत्राटी मजुरी, हा प्रश्न नांदगाव पेठच्या नियोजित कारखान्याबाबत आधीच विचारायला हवा. नंतर विचारण्याचा अनुभव पुरेसा झाला आहे.

यंत्राचा दोष नाही हेही येथे नोंदवले पाहिजे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. ज्या पाठीवर तेव्हा पंप होता, ती पाठ ड्रोनमुळे मोकळी होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने पंधरा हजार महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची १,२६१ कोटींची योजना मंजूर केली, तीत एका ड्रोनला आठ लाखांपर्यंत मदत आहे. तीच मोटर, तीच बॅटरी आणि तीच दिशादर्शक चकती. टाकीत औषध भरायचे की स्फोटक, एवढाच फरक. म्हणून या यंत्रावर सरसकट बंदी घालता येणार नाही, आणि त्याच कारणाने ते शत्रूच्या हाती पडणेही रोखता येणार नाही.

मग उपाय काय? पहिला, अमरावती, अकोला, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची दले उभी करावीत, आणि ती जातधर्म न पाहता मोहल्ल्यामोहल्ल्यांतून भरावीत. दुसरा, वीजकेंद्रे, पाणीयोजना आणि रुग्णालये यांच्या दुरुस्तीची व पर्यायी सोयीची तयारी जिल्हा नियोजन समितीच्या कामात यावी. तिसरा, दारूगोळ्याच्या प्रत्येक कारखान्यात कंत्राटी कामगारालाही कायम कामगाराइतकेच प्रशिक्षण व संरक्षण मिळावे आणि प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध व्हावा. चौथा, हवाई संरक्षणावरील खर्चाची चर्चा गुप्ततेच्या नावाखाली टाळली जाऊ नये. तोफ कोठे ठेवली हे विचारण्याचे कारण नाही, परंतु किती रुपये कशावर जातात आणि त्यांतले नागरिकांवर किती, हे विचारण्याचा लोकप्रतिनिधींना अधिकार आहे.

पाचवा उपाय सर्वांत अवघड आणि सर्वांत स्वस्त आहे. १० मे २०२५ रोजी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि त्यानंतर मारा थांबला. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला याद्यांची देवघेव होते. कारगिल झाले, मुंबईवरचा हल्ला झाला, तरी ती थांबलेली नाही. लढाऊ विमानांनी सरहद्दीपासून दहा किलोमीटर दूर राहावे असा करार एप्रिल १९९१ मध्ये झाला. तो लिहिला गेला तेव्हा ड्रोनचे थवे कोणाच्या कल्पनेत नव्हते. वीजकेंद्रे, धरणे आणि रुग्णालये यांवर ड्रोन पाठवायचा नाही, एवढ्या मर्यादित बंधनाची बोलणी करणे म्हणजे शरणागती नव्हे. जे दोन देश भांडण चालू ठेवूनही तीसहून अधिक वर्षे याद्या देत-घेत आले, त्यांना हे अशक्य नाही. ही बोलणी होईपर्यंत राखण ढिली करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु राखण आहे म्हणून बोलणीच नकोत, असेही म्हणता येणार नाही.

जागलीला जाणारा शेतकरी हे जाणतो. धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वैर पेटले असेल, तर किती रात्री जागले तरी उभ्या पिकाची हमी नसते. तो बॅटरी घेऊन जातोच, आणि दुसऱ्या दिवशी चार माणसे बसवून धुऱ्याची मोजणीही मागतो. देशाने यापेक्षा कमी शहाणपण दाखवू नये.